ड्रायव्हरकाकांची उकडपेंडी

अकोल्यात डाबकी रोडला खोली पाहायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही की आडनाव विचारलं नाही. खाकी पँट, वर बनियन आणि हातात पळी अशा थाटात ते गेटपाशी उभे होते. म्हणाले, "सकाळी काय खाऊन निघता तुमी?"

"काही नाही. चहा घेते. कॉलेज सातचं असतं."

"मंग खोली नाई भेटत."

मला वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "घेऊन घे वो बाई खोली. यायचं काई मनावर घेऊ नको. पण खावं मात्र लागन."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला जिन्यावर पावलं वाजली. दारात काका आणि त्यांच्या हातात झाकलेली ताटली. ताटलीत उकडपेंडी. जाडसर कणीक तेलावर तांबूस भाजायची, कांदा-मिरचीच्या फोडणीत आंबट ताक ओतायचं, कणीक त्यात सोडून झाकण ठेवायचं आणि वाफ आली की वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पेरायची. आमच्या अमरावतीच्या घरीही ती व्हायची, पण काकांची उकडपेंडी ओलसर आणि मोकळी अशी दोन्ही एकदम असे. ते कसं जमत होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी खाईपर्यंत ते जिन्यावर पाठ करून बसून राहिले. रिकामी ताटली घेतली आणि खाली गेले.

ते एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. गेटवर नावाची पाटी होती, पण गल्लीत ते नाव कुणी घेत नसे. सगळे ड्रायव्हरकाका म्हणत, मीही तेच म्हणते. ते जाऊन आता दोन वर्षं झाली.

इतका काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी उठून ते गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या चाकाला लाकडी दांडक्यानं ठोकून हवा तपासत. ज्यांच्याशी ओळखही नव्हती त्यांच्या गाड्यासुद्धा. कुणाचं टायर घासलेलं दिसलं की दार वाजवून सांगत. लोक वैतागत, मग हसत, मग एखादा खरंच टायर बदलून घेई.

मी शनिवारी दुपारी अमरावतीला जायची. नवरा नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात शिफ्टवर होता. सासरे अंथरुणाला खिळलेले, सासूबाई सतत त्यांच्यापाशी. माझी आई केव्हाच गेलेली, भाऊ नाही. नोकरी अकोल्यात, त्यामुळे संसार असा दोन गावांत वाटलेला. गाडीत बसले की काकांचा फोन येई.

"बसली काय?"

"हो."

"ड्रायवर जेवला काय गाडीचा?"

"काका, मी कसं विचारू?"

"इचार ना. त्यात लाजाचं काय हाय? जीव तुहा हाय."

एकदा मी खरंच विचारलं. ड्रायव्हर मिशीतल्या मिशीत हसला. म्हणाला, "डाबकी रोडवाल्या काकाच्या घरी राहता काय मॅडम? त्यायले सांगजा, पोटभर जेवलो."

या विचारण्यामागे एक गोष्ट होती आणि ती काकांनी मला निदान दहा वेळा सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एकदा डबल ड्युटी लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे डोळ्यांसमोर अंधारी आली आणि भरलेली गाडी रस्ता सोडून खाली उतरली. एका बाभळीला घासत थांबली. कुणाला काही झालं नाही. एका म्हातारीची तेवढी तेलाची बरणी फुटली. "बावन्न माणसं होते गाडीत," काका सांगत. "आन् मी उपाशी. तवापासून ठरवलं. उपाशी माणसानं इस्टेरिंग धरू नये, आन् फैसलाबी करू नये."

घरात भांडण झालं तरी ते आधी ताटं मांडत. काकू सांगायच्या, मुलीचं लग्न ठरताना व्याही देण्याघेण्यावर अडून बसले तेव्हा यांनी बोलणी मध्येच थांबवली, सगळ्यांना झुणका-भाकर वाढली आणि मग म्हणाले, "आता बोला." व्याही म्हणाले, "आता काय बोलावं?" आणि लग्न ठरलं.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. त्या घरात काकू स्वयंपाक करत नसत. सगळं काका करत. काकू ओट्याजवळ खुर्ची टाकून भाजी निवडून देत, वर बोलणीही खात, की मिरच्या जाड चिरल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "यायनं मले चूल पाहू देली नाई किती वर्षं झाले. त्यायलेच इचार कावून." मी काकांना विचारलं. ते फोडणीकडे पाहत म्हणाले, "हिले मीठ समजत नाई."

त्या घरात काळजी अंगाला लागायची. काही दिवसांनी मीही रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं बघायला लागले.

माझ्या आधीच्या दोन वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत संपल्या होत्या. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. चौथा लागल्यावर काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना. ते वर आले. अभिनंदन वगैरे काही नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ हातातली पळी फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड चुन्यानं पांढरी केलेली आणि भिंतीला धरायला नायलॉनचा दोर बांधलेला. "अंधारात पाय चुकते," एवढंच बोलले.

त्यांच्या काळजीनं मला धीर यायला हवा होता. झालं उलट. कुणीतरी एवढं घाबरतंय म्हणजे घाबरण्यासारखं काही असलंच पाहिजे, असं वाटायचं. मी रोज रात्री बोटांवर आठवडे मोजायची.

तिसावा आठवडा लागला नव्हता. दुपारी तास घेत असताना पाय ओले झाले. बेंचला धरून मी मुलींना म्हटलं, पुस्तकं मिटा. नवरा शंभर किलोमीटरवर. मी फोन काकांना लावला. पंधरा मिनिटांत ते रिक्षा घेऊन कॉलेजच्या दारात होते. स्वतः रिक्षावाल्याच्या शेजारी टेकून बसले आणि दवाखान्यापर्यंत एकच वाक्य बोलत राहिले, "खड्डा पाहून घे बापा. खड्डा पाहून घे."

मुलगा झाला. अकराशे पन्नास ग्रॅम. मला तो नीट दाखवलासुद्धा नाही, काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा त्याच्या मांडीएवढं माझं बोट होतं. नाकात नळी, छातीवर तारा. यंत्र मध्येच ओरडायचं, सिस्टर शांतपणे येऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारायची, की तो पुन्हा श्वास घ्यायचा. श्वास घ्यायला विसरतात ही बाळं, असं तिनं मला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, आईचं दूध हेच त्याचं औषध. काढून द्या, नळीनं घालू. मी काढायला बसायची आणि वाटीचा तळ ओला व्हायचा, एवढंच. नवरा दोन दिवस राहून सासऱ्यांसाठी परत गेला होता.

काका डबा घेऊन आले. काचेच्या पेट्यांच्या विभागाबाहेर व्हरांडा होता, तिथं बाळांच्या आया गाद्या टाकून आणि नातेवाईक बाकांवर बसून असत. मी डबा उघडला नाही.

"काका, घास उतरत नाही."

"बरं," म्हणाले आणि बाकावर बसले. तास गेला. दीड तास गेला. मी म्हटलं, "तुम्ही घरी जा." ते म्हणाले, "मी घाई नाई करून राहिलो. डबा रिकामा झाला की जातो."

मला इतका संताप आला की माझा आवाज व्हरांडाभर गेला. माझं पोर आत श्वास घ्यायला विसरतंय आणि तुम्हाला डब्याचं पडलंय, असं काहीतरी मी बोलले. लोक वळून पाहू लागले. काका उठले नाहीत, रागावलेही नाहीत. चपलेच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "म्हणूनच म्हणून राहिलो. त्याचं जेवण तुह्या ताटातून जाते, माय. तू उपाशी म्हंजे तो उपाशी."

दूध हा शब्द त्या माणसाच्या तोंडून निघत नव्हता. मी रडत रडत चार घास खाल्ले. गार झालेली उकडपेंडी. संध्याकाळी वाटीत दहा मिलि भरलं. सिस्टरनं वाटी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाली, "झालं की."

माझ्या शेजारच्या गादीवर वंदना होती. पातूरकडच्या एका माळ्याच्या घरातली सून, वय वीस-एकवीस. भाजीचा मळा होता त्यांचा. तिची मुलगी माझ्या मुलाच्या शेजारच्याच पेटीत होती, तेराशे ग्रॅमची. तिची सासू दिवसभर व्हरांड्यात बसून असे. वंदना चहात बिस्किट बुडवून दिवस काढायची. काकांनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दोन डबे आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते मोठा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं, फडक्यात बांधून आणायला लागले आणि व्हरांड्यात जी कुणी आई दिसेल तिच्यासमोर स्टीलची ताटली ठेवायला लागले. कुणाची जात विचारली नाही, गाव मात्र विचारलं. गाव कळलं की त्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा ते पाठ म्हणून दाखवत.

रोज सकाळी वजनं व्हायची. आम्ही बायका काचेबाहेर उभ्या राहायचो. सिस्टर आकडे सांगायची आणि आम्ही ते एकमेकींना सांगायचो. वीस ग्रॅम वाढले, दहा घटले. काका गंज घेऊन आले की पहिला प्रश्न, "किती?" मी आकडा सांगितला की ते तो पुटपुटत आणि मग वंदनाला विचारत, "तुहा किती?"

एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. बाराव्या दिवसापासून वंदनाच्या मुलीचं वजन उतरायला लागलं आणि माझ्या मुलाचं चढायला लागलं. काचेबाहेर तिचा घटलेला आकडा ऐकला की माझ्या आत कुठेतरी हलकं वाटायचं. जणू काही वाईट घडणारच असेल तर ते आता तिच्याकडे वळलं आहे. लगेच स्वतःची शरम वाटायची. मी तिचा हात धरायची. ती समजायची, मी धीर देतेय.

एकोणिसाव्या दिवशी तिची मुलगी गेली. सकाळी दहाची वेळ होती. वंदना रडली नाही. गादीची चादर नीट केली, उशी त्यावर ठेवली आणि बसून राहिली. तिचा नवरा आणि दीर जीप घेऊन आले. सासू कुणाला तरी सांगत होती, "इच्या अंगातच काई नव्हतं. पोरीले पुरलंच नाई." ते वंदनानं ऐकलं. मीही ऐकलं. आणि नेमके त्याच वेळी जिन्यावरून काका आले, फडक्यात बांधलेला गंज घेऊन. त्यांनीही ते ऐकलं.

मला वाटलं, ते आता बोलतील. गल्लीतल्या अनोळखी माणसाला टायरवरून सुनावणारा माणूस तो. पण त्यांनी गंज बाकावर ठेवला आणि फडक्याची गाठ घट्ट करत राहिले. त्यांच्यासमोरून वंदना जिना उतरून गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. काका गंज तसाच ठेवून निघून गेले.

त्यानंतर दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू आल्या. गुडघे धरत, जिन्यावर दोनदा थांबत. त्यांच्या पिशवीत वरण-भाताचा डबा होता. "म्या केला," म्हणाल्या. "सांभाळून घे."

वरणात मीठ खरंच जास्त होतं. मी सगळं खाल्लं. मी जेवत असताना काकूंनी सांगितलं. त्यांचं पहिलं मूल मुलगी होती. आठ दिवसांची होऊन गेली. काका तेव्हा लांबच्या ड्युटीवर. फोन नव्हते. चौथ्या दिवशी घरी आले, तर चूल थंड, भांडी कोरडी आणि काकू भिंतीला टेकून बसलेल्या. चार दिवसांत कुणी त्यांना जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. सासरचे म्हणत होते, हिनंच नीट पाजलं नाही. काकांना तेव्हा चहासुद्धा करता येत नव्हता. स्टँडवरच्या एका हॉटेलवाल्याला विचारून आले आणि कणीक भाजायला बसले. पहिल्यांदा जाळली. दुसऱ्यांदा जमली. ते भरवत होते आणि काकू तोंड फिरवत होत्या.

"आपल्या मायले मात्र ते एका शब्दानं बोलले नाई," काकू म्हणाल्या. "तेवढी हिंमत नव्हती. मंग मले चुलीपाशी जाऊ देनं बंद केलं. तेच कराले लागले सगळं. पुढं पोरगी झाली आमची, नाशकाले हाय ते. पण आता दोन दिवसापासून असे बसले हायेत खुर्चीत. म्हणते, त्या पोरीसाठीबी माह्या तोंडातून शब्द निघाला नाई."

त्या दिवशी मुलाचं वजन तीस ग्रॅमनं वाढलं होतं, ते मी काकूंना सांगितलं. त्यांनी पदरानं डबा पुसला.

चौथ्या दिवशी काका आले. डोळे सुजलेले, पण हातात गंज होता. व्हरांड्यात ताटल्या मांडताना वंदनाच्या गादीवर आता दुसरी कुणी आई होती, तिच्यासमोर थोडा वेळ थांबले. मग तिच्यापुढेही ताटली ठेवली. "गाव कोनतं, माय?" त्यांनी विचारलं.

सत्तेचाळीस दिवसांनी मुलगा घरी आला. अठराशे ग्रॅम. काकांनी गेट उघडलं, रिक्षाचं भाडं कुणाला देऊ दिलं नाही आणि खोलीत मात्र आले नाहीत. दोन आठवडे ते उंबऱ्याबाहेर उभे राहून वजन विचारत होते. मी म्हणायची, "आत या, बघा तरी त्याला." ते म्हणत, "राहू दे. माही नजर बेकार हाय." पुढे कळलं की ते नजरेला मानत नव्हते. त्यांना फक्त त्याच्याकडे पाहायची भीती वाटत होती.

मुलगा पाच महिन्यांचा झाल्यावर मी बिनपगारी रजा घेऊन अमरावतीला आले. आठव्या महिन्यात उष्टावण ठरलं. बाळाला पहिला घास मामा भरवतो, आणि मला भाऊ नव्हता. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "तुझ्या त्या घरमालकांना बोलाव. मामाचं कोण, काकाचं कोण, आता कुणी बघत नाही." मी फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "गाडी कितीची घेऊ?"

काका मोर्शी रोडवरच्या आमच्या घरी आले ते धोतर-सदऱ्यात. त्यांना खाकी सोडून दुसऱ्या कपड्यांत मी पहिल्यांदा पाहिलं. काकूंचे गुडघे धरले होते म्हणून एकटेच आले होते. अकोल्यापासून उभ्यानंच आले होते, ड्रायव्हरच्या पाठीमागे दांडी धरून. हातात भाजीची मोठी पिशवी. मेथी, वांगी, कोवळी भेंडी. ती त्यांनी सासूबाईंकडे दिली.

पाटावर बसले. मी मऊ भात आणि वरण वाटीत कालवून दिलं. चमच्याचं टोक त्यांनी मुलाच्या ओठाला लावलं. मुलानं तोंड मिटलं. पुन्हा लावलं, त्यानं मान वळवली. काकांच्या कपाळाला घाम आला. घरातले सगळे हसत होते, मला मात्र हसू येत नव्हतं. त्या दहा-बारा क्षणांत मी पुन्हा त्या काचेबाहेर उभी होते. "खाय ना बापा," काका हळूच म्हणाले. मुलगा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि पाहता पाहता त्याचे ओठ उघडले. घास गेला. अर्धा बाहेर आला, अर्धा त्यानं गिळला. काकांनी चमचा खाली ठेवला आणि पाटावरून उठायचं विसरून बसून राहिले.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गॅलरीत सुपारी दिली आणि म्हटलं, "एवढी भाजी कशाला आणली, काका? कुठून घेतली?"

"पातूरहून."

"वंदनाच्या घरी?"

"गेलतो मी," ते म्हणाले. "तू अठी आली त्याच्या मांगच्या महिन्यात पहिल्यांदा गेलतो. सासूनं वळख देली नाई मले. म्हटलं, वांगे पाह्यले आलो. दुपार झाली, त्यायनं जेवाले बसवलं. पोरगी मांगं चुलीपाशी. मी म्हटलं, ज्या घरी सून मांगून जेवते तठी मी घास घेत नाई, माह्या घरचा नेम हाय. सासरा भला माणूस. त्यानं हाक मारली तिले. आली. बसली. अर्धी भाकर खाल्ली तिनं."

"मग?"

"मंग सासूले म्हटलं, माही पहिली पोरगी अशीच गेलती. बायकोचा काई दोष नव्हता त्यात. एवढंच बोललो. सासू काई बोलली नाई, ताट उचलून घेतलं." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "आता दर महिन्याले जातो. कालबी गेलतो. आता दीड भाकरीवर आली."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्या आकड्यावर मला काचेबाहेरच्या सकाळी आठवल्या. विचारू की नको असं झालं, शेवटी विचारलं, "माझ्या मुलाचं विचारलं तिनं?"

"इचारलं ना. पहिल्या खेपेलेच इचारलं. तवा माह्या तोंडून निघालं नाई, म्हटलं बरा हाय. काल पुन्हा इचारलं, किती झाला म्हणे. सांगितलं, सहा किलो."

"काय म्हणाली?"

काकांनी थोडा विचार केला. जे घडलं ते जसंच्या तसं सांगायची त्यांची सवय होती, त्यात भर घालणं त्यांना जमत नसे.

"काई नाई म्हटलं," ते म्हणाले. "जराशी बसून रायली. मंग दुसरी भाकर घेतली तिनं."